शिडाची बोट घेण्याआधी: आधी क्लास मोजा, मग पैसे मोजा

बरुआसागरचा तलाव एकदा नीट पाहिला की शिडाच्या बोटीचा विचार मनात येणं साहजिक आहे. झाशीपासून साधारण पंचवीस किलोमीटरवरचं हे गाव बुंदेलखंडात आल्यासाठी ओळखलं जातं. ओरछ्याचे राजे उदितसिंह यांनी अठराव्या शतकात बांध घालून इथलं पाणी अडवलं. वर टेकाडावर किल्ला, खाली लांबरुंद तलाव. झाशीतल्या एखाद्या मराठी घरात दहा-अकरा वर्षांची मुलगी असेल, तिला चांगलं पोहता येत असेल आणि आशियाई स्पर्धेतली शिडाची शर्यत तिने टीव्हीवर पाहिली असेल, तर रविवारी या बांधावर उभं राहून आईबाबांना एकच प्रश्न पडतो: बोट केवढ्याला पडते?

प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसरा आहे. पहिला प्रश्न असा: आपण जी बोट घेऊ, तशा किती बोटी आपल्याला जाता येईल अशा पाण्यावर यंदा खरोखर शर्यतीत उतरल्या? हा आकडा हातात नसताना घेतलेली बोट अंगणात ताडपत्रीखाली जाते. म्हणून या लेखात किमती येतील, पण त्याआधी मोजणी येईल. बाकीचा बहुतेक खर्च त्या मोजणीवरूनच ठरतो.

एकाच साच्याच्या बोटी

शिडाच्या शर्यती दोन तऱ्हेच्या. एकीत वेगवेगळ्या आकाराच्या बोटी एकत्र धावतात आणि मग वेळेत सूट देऊन निकाल लावतात. दुसरीत सगळ्यांच्या बोटी एकाच नकाशाच्या, एकाच वजनाच्या, एकाच मापाच्या शिडाच्या. जो आधी पोहोचला तो जिंकला. या दुसऱ्या प्रकाराला ‘वन-डिझाइन’ म्हणतात आणि अशा प्रत्येक नकाशाला ‘क्लास’. या पद्धतीची सुरुवात १८८७ साली डब्लिनजवळ ‘वॉटर वॅग’ नावाच्या छोट्या बोटींपासून झाली. श्रीमंत माणसाने दरवर्षी नवी वेगवान बोट बांधायची आणि पैशाच्या जोरावर जिंकायचं, हे थांबवणं हा त्यामागचा हेतू. म्हणजे वन-डिझाइन ही मुळात खर्च आटोक्यात ठेवायची युक्ती आहे. मात्र तिची एक अट आहे. शेजारी तशीच दुसरी बोट हवी. दुसरी, तिसरी, दहावी हवी. एकटी वन-डिझाइन बोट महाग खेळणं होऊन बसते.

भारतात मुलांच्या पालकांना भेटणारी नावं थोडी आहेत. ऑप्टिमिस्ट ही पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांची चौकोनी नाकाची बोट; १९४७ मध्ये फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी आखलेली, २.३ मीटर लांब, सांगाडा ३५ किलोचा. तिच्यानंतर आयएलसीए, म्हणजे पूर्वीची ‘लेझर’. ब्रूस कर्बी यांनी आखलेली ही ४.२ मीटरची एकट्याने चालवायची बोट १९७१ पासून बाजारात आहे. ट्रेडमार्कच्या भांडणामुळे २०१९ मध्ये नाव बदललं. सांगाडा एकच, पण शिडं तीन: आयएलसीए ४, ६ आणि ७. मूल वाढलं की डोलकाठीचा खालचा भाग आणि शीड बदलायचं, बोट तीच. दोघांची बोट हवी असेल तर ४२०, ट्वेंटीनाइनर, पुढे ४७० आणि फोर्टीनाइनर. एनसीसीच्या नौदल शाखेत गेलेल्यांना एंटरप्राइझ माहीत असते. जॅक होल्ट यांची १९५६ ची, निळ्या शिडाची.

जगातला मोठा आकडा कशाला उपयोगी नाही

विक्रेता तुम्हाला पहिल्यांदा सांगेल तो आकडा ‘जगात आजवर किती बनल्या’ हा. लेझर-आयएलसीए दोन लाखांहून जास्त, ऑप्टिमिस्ट दीड लाखाच्या वर, एंटरप्राइझ वीस हजारांच्या वर. आकडे खरे आहेत, पण ते जन्माचे आहेत, हयातीचे नाहीत. १९७४ मध्ये बनून कॅनडातल्या एखाद्या गॅरेजमध्ये कुजलेली लेझरही त्या दोन लाखांत धरलेली असते.

दुसरा फसवा आकडा जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतल्या बोटींचा. ऑप्टिमिस्टच्या जागतिक स्पर्धेत एका देशाला जास्तीत जास्त पाच मुलं पाठवता येतात. म्हणजे हजारो ऑप्टिमिस्ट असलेला देशही पाच आणि पन्नास बोटींचा देशही पाच. तिथे बोटी मोजून लोकप्रियता कळत नाही. देश मोजले तर क्लास किती ठिकाणी पसरला आहे ते कळतं. ऑप्टिमिस्ट त्या कसोटीला उतरते, आयएलसीएही. एकाच प्रदेशात जीव धरून असलेले क्लास उतरत नाहीत. पण म्हणून ते वाईट ठरत नाहीत. मुंबईत १८४६ पासूनच्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबच्या सीबर्ड बोटी गेटवेसमोर नांगरलेल्या दिसतात. जगाच्या कुठल्याही यादीत सीबर्ड वर दिसणार नाही. त्या क्लबाच्या सभासदाला मात्र दर मोसमात शर्यतीला सोबती मिळतात, आणि त्याच्यापुरता तो क्लास पुरेसा लोकप्रिय आहे. तीच बोट बरुआसागरला आणली तर शोभेची वस्तू.

ऑलिंपिकचं नाव हा तिसरा आकडा. तो भारतात फार मोठा ठरतो, कारण इथे बोटी विकत घेणारे मुख्यतः सैन्यदल, नौदल आणि राज्यांच्या अकादम्या आहेत, आणि ते पदकाच्या यादीकडे बघून खरेदी करतात. १९८२ च्या आशियाई स्पर्धेतल्या शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या होत्या. फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी तेव्हा फायरबॉल क्लासमध्ये सुवर्ण मिळवलं. त्या वर्षीचे क्लास होते फायरबॉल, एंटरप्राइझ, ओके डिंगी आणि विंडग्लायडर. हांग्झो इथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत त्यातला एकही नव्हता. २०१४ मध्ये यादीत असलेली ऑप्टिमिस्टसुद्धा २०१८ पासून नाही. तिच्या जागी आधी लेझर ४.७ आणि आता त्याच बोटीचं नवं नाव आयएलसीए ४ आलं. यादी बदलली की संस्थांचा पैसा दुसरीकडे वळतो, प्रशिक्षक वळतात आणि दोन-तीन वर्षांत जुन्या बोटीला गिऱ्हाईक मिळेनासं होतं. म्हणून बोट घेण्याआधी त्या क्लासचं पुढच्या आशियाई आणि ऑलिंपिक स्पर्धांच्या यादीत काय झालं आहे ते पाहणं हे शौकीनपणाचं नाही, व्यवहाराचं काम आहे.

निकालपत्रक वाचायला शिका

खरी मोजणी निकालपत्रकातून होते. शर्यतींचं आयोजन करणारा क्लब किंवा यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया प्रत्येक रेगाटाचं, म्हणजे शर्यतींच्या मेळ्याचं, पत्रक लावते. ते मागून घ्या. शक्य तर एकाच रेगाटाची लागोपाठ तीन-चार वर्षांची पत्रकं घ्या, आणि पेन्सिल घेऊन बसा.

वर लिहिलेली ‘एकूण प्रवेश’ ही संख्या बाजूला ठेवा. प्रत्येक शर्यतीच्या रकान्यात आकडे असतात आणि मधूनमधून तीन अक्षरं. ‘डीएनसी’ म्हणजे बोट सुरुवातीच्या जागी आलीच नाही. ‘डीएनएस’ म्हणजे आली, पण सुरुवात केली नाही. ‘डीएनएफ’ म्हणजे सुरुवात केली, पण शेवटापर्यंत पोहोचली नाही. ‘ओसीएस’ म्हणजे शिटीआधीच रेषा ओलांडली. ज्या नावासमोर पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत डीएनसीच आहे ती बोट कागदावर आहे, पाण्यावर नाही. समजा पत्रकात ४० नावं आहेत, ९ जणांसमोर सगळीकडे डीएनसी आहे आणि आणखी ६ जण दुसऱ्या दिवसापासून गायब आहेत. तुमचा आकडा ४० नव्हे, २५.

एक सोपी खूण: न आलेल्या बोटीला सर्वसाधारणपणे प्रवेशसंख्येपेक्षा एक जास्त गुण मिळतात. डीएनसीसमोर २३ लिहिलं असेल तर प्रवेश २२ होते. जुन्या पत्रकाचा वरचा भाग फाटला असेल तरी या खुणेवरून आकडा निघतो. मोठ्या स्पर्धेत बोटी दोन गटांत विभागल्या असतील तर हे गणित गटापुरतं चालतं, तेवढं लक्षात ठेवा.

पुढचं पाऊल नावांचं. यंदाच्या पंचवीस नावांतली किती गेल्या वर्षीही होती? ऑप्टिमिस्टमध्ये ही तुलना करताना जपावं लागतं. मूल ज्या वर्षी पंधराचं होतं त्या वर्षाअखेर त्याला हा क्लास सोडावाच लागतो. म्हणजे दरवर्षी वरची फळी रिकामी होणारच, तो दोष नव्हे. तिथे खालची फळी मोजा: अकरा वर्षांखालची किती मुलं आहेत? ती बरीच असतील तर पुढची चार वर्षं तुमच्या मुलीला सोबती मिळणार. सगळी मुलं तेरा-चौदाचीच असतील तर आज भरलेला दिसणारा क्लास दोन वर्षांत ओस पडेल. आयएलसीए ६ आणि ७ मध्ये उलटं बघायचं. तिथे वयाची सक्ती नाही, त्यामुळे नावं फार वेगाने बदलत असतील तर लोक येतात आणि कंटाळून जातात असा अर्थ.

मग मालक. पत्रकात खेळाडूच्या नावापुढे क्लब किंवा संस्था लिहिलेली असते. सैन्याचं केंद्र, नौदलाचं केंद्र, राज्याची अकादमी, खाजगी क्लब असे चार रकाने आखून रेघा मारत जा. आपल्याकडे बहुतेक क्लासमध्ये पहिले तीन रकाने भरतात आणि चौथा अर्धा. याचा अर्थ क्लास अशक्त आहे असा नाही; अर्थ असा की बोटी पुष्कळ असल्या तरी बाजार नाही. संस्थेची बोट जुनी झाल्यावर शेजाऱ्याला सहज विकली जात नाही. जुनी बोट घेऊ, चार वर्षांनी विकू, असा हिशेब करणाऱ्याने फक्त चौथा रकाना मोजावा.

शिडावरचा क्रमांकही बोलका असतो. लेझर-आयएलसीएचे क्रमांक जगभर एकाच मालिकेत चढत गेले आहेत. एक लाखाच्या आसपासचा क्रमांक म्हणजे ऐंशीच्या दशकातली बोट. दोन लाखांच्या पुढचा म्हणजे गेल्या पंधरा-सोळा वर्षांतली. रेगाटाला गेलात तर किनाऱ्यावर फिरून क्रमांक टिपा. सगळ्याच बोटी म्हाताऱ्या असतील तर नवा पैसा त्या क्लासमध्ये येत नाही. फक्त शिडावर विसंबू नका. शिडं अदलाबदल होतात. सांगाड्यावरची पाटी पाहा.

एवढं झालं की आपली स्वतःची मोजपट्टी लावा. मी ‘एका रात्रीची गाडी’ ही मोजपट्टी सुचवतो: झाशीहून रात्री बसून सकाळी पोहोचता येईल, फार तर दुपार होईल, अशा ठिकाणी वर्षभरात किती रेगाटा होतात, आणि त्यातल्या किती ठिकाणी तुमच्या क्लासच्या निदान दहा बोटी प्रत्यक्ष सुरुवात करतात? असे चार रेगाटा निघाले तर क्लास घेण्यासारखा. दोन निघाले तर शिकायला हरकत नाही, बोट घ्यायला आहे. जगात तिच्या दोन लाख असोत की वीस हजार.

झाशीहून मोजलं तर काय दिसतं

पहिलं ठिकाण भोपाळ. रेल्वेने साधारण २९० किलोमीटर. तिथल्या बड्या तलावावर नॅशनल सेलिंग स्कूल आणि मध्य प्रदेशची राज्य अकादमी आहे. या तलावाचं महत्त्व समुद्राकाठच्या माणसाला पटकन पटत नाही. २०१८ मध्ये लेझर ४.७ मध्ये आशियाई कांस्य मिळवणारी हर्षिता तोमर इथे शिकली, आणि हांग्झोत आयएलसीए ४ मध्ये रौप्य मिळवणारी देवास जिल्ह्यातली नेहा ठाकूरही. दोघींच्या घराजवळ समुद्र नाही. बरुआसागरच्या पालकांनी मुंबईच्या आधी इथे चौकशी करावी.

एक अडचण आधीच सांगतो. बरुआसागर उत्तर प्रदेशात आहे, शेजारचं ओरछा मध्य प्रदेशात. राज्याच्या अकादमीत निवड चाचणीतून होते, आणि निवड झालेल्या मुलाचा बोटीचा खर्च पालकांवर येत नाही. पण रहिवासाची अट कुणाला आणि किती लागू, हे अर्ज भरण्याआधी लेखी विचारा. ओरछ्याला राहणाऱ्या भाच्याला जे मिळेल ते बरुआसागरच्या मुलीला मिळेलच असं नाही.

दुसरं हैदराबाद. दिल्लीहून सिकंदराबादला जाणाऱ्या गाड्या झाशीवरून जातात. हुसेनसागरवर जुलैच्या सुमारास हैदराबाद सेलिंग वीक होतो. लेझर-आयएलसीएचा देशातला मोठा मेळा तोच. त्याच तलावावर मुलांसाठी मान्सून रेगाटा होतो. पावसाळ्यात मुंबईचा किनारा शर्यतींना बंद असतो, मोसम ऑक्टोबर ते मे. तेव्हा वर्षाचा बाकीचा भाग हैदराबाद भरून काढतं.

तिसरं मुंबई. पंजाब मेल थेट जाते, पण सामानासकट लांबचा पल्ला आहे. कुलाब्याला सैन्याचं यॉटिंग केंद्र आहे. टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकला गेलेले, हांग्झोत आयएलसीए ७ चं कांस्य मिळवणारे विष्णू सरवणन सैन्याचेच. नौदलाचं केंद्रही मुंबईत आहे. २०१८ मध्ये वर्षा गौतम यांच्याबरोबर फोर्टीनाइनर एफएक्सचं रौप्य मिळवणाऱ्या श्वेता शेर्वेगार मुंबईच्या. गोवा आणि चेन्नई ही ठिकाणं या खेळासाठी उत्तम, पण झाशीहून ती सुट्टीतली ठिकाणं, नेहमीची नव्हेत. खडकवासल्याच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र बोटी चालवतात. बाहेरच्या पालकाला त्याचा उपयोग नाही.

या तिन्ही ठिकाणी नेहमी भेटणारे क्लास दोनच: ऑप्टिमिस्ट आणि आयएलसीए. बाकीचे दिसतात, पण कमी-जास्त होत राहतात. दोघांच्या बोटीला आणखी एक खर्च आहे जो पावतीवर येत नाही: जोडीदार. जोडीदार बारावीला बसला की तुमची बोटही बारावीला बसते.

आता पैसे

युरोपात नवी, शर्यतीला सज्ज ऑप्टिमिस्ट सुमारे साडेतीन ते पाच हजार युरोंना पडते, आयएलसीए सात ते नऊ हजारांना. फोर्टीनाइनर वीस हजारांच्या पुढे. ती कुटुंबाने घ्यायची वस्तू नाही. हिशेबापुरता युरो १०० रुपयांना धरला तर आठ हजारांची आयएलसीए आठ लाखांची. सप्टेंबर २०२५ पासून करमणुकीच्या आणि खेळाच्या बोटी जीएसटीच्या ४० टक्के गटात आहेत. नुसत्या त्या एका करानेच आठाचे ११ लाख २० हजार होतात, आणि यात जहाजाचं भाडं नाही, सीमाशुल्क नाही, बंदरापासून झाशीपर्यंतचा ट्रक नाही. क्लब किंवा महासंघामार्फत सामायिक आयात होत असेल तर सवलत लागू होते का, हे सीमाशुल्काच्या दलालाकडून कागदावर घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’वर पाच पैसेसुद्धा देऊ नका.

जुनी बोट घेताना लोकप्रियतेचा रुपयातला भाव कळतो. आकडे उदाहरणापुरते: एका भरलेल्या क्लासची जुनी बोट तीन लाखांना घेतली, चार वर्षांनी दोन लाखांना गेली. वर्षाला २५ हजार पडले. दुसरी बोट स्वस्तात, दीड लाखाला मिळाली, पण त्या क्लासच्या चारच बोटी उरलेल्या. चार वर्षांनी घेणारा नाही. वर्षाला साडेसदतीस हजार, शिवाय ती ठेवायची कुठे हा प्रश्न. अर्ध्या किमतीची बोट दीडपट महाग पडली. जुन्या बोटींच्या व्यवहारात हे सारखं घडतं, आणि ‘किती स्वस्त मिळाली’ म्हणून सांगणारा माणूस नेमका दुसरी बोट घेतलेला असतो.

जुन्या बोटीत तीन गोष्टी पाहा. वर्ल्ड सेलिंगची पाटी सांगाड्यावर आहे का; ती नसेल तर अधिकृत स्पर्धेत बोट चालणार नाही. ‘लेझर’ नावाच्या जुन्या बोटी पाटी असेल तर चालतात, नावाला घाबरू नका. ऑप्टिमिस्टबरोबर मोजमापाचं नोंदपुस्तक मागा. आणि बोट पालथी घालून, बुचं लावून, आतल्या पोकळीत पाणी शिरलंय का ते पाहा. वजनकाट्यावर चढवायला मालक तयार नसेल तर उत्तर मिळालं.

बोटीनंतरचा मोठा खर्च शिडाचा. आयएलसीएचं क्लासमान्य शीड युरोपात पाच-सातशे युरोंच्या घरात आहे, आणि शर्यतीचं शीड मोसमभर रोज वापरलं तर त्याचा ताठपणा जातो. म्हणून सरावाचं वेगळं, शर्यतीचं वेगळं ठेवतात. सरावाला तशाच मापाचं बिनमान्यतेचं स्वस्त शीड चालतं. भरलेल्या क्लासचा इथे पुन्हा फायदा: मोठी मुलं एक मोसम वापरलेली शिडं विकतात आणि लहान मुलं ती घेतात. रिकाम्या क्लासमध्ये प्रत्येक दोरी परदेशातून येते.

अंगावरचं सामान त्यामानाने कमी. ५० न्यूटनचं तरंगजाकीट अडीच ते पाच हजारांत मिळतं; हे एकच जुनं घेऊ नये. हातमोजे, पाण्यातले बूट, उन्हाची टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट. बुंदेलखंडाच्या उन्हात शेवटची वस्तू पहिली समजा. बाहेरगावच्या रेगाटाला स्वतःची बोट न्यायची नाही. तिथेच भाड्याने घ्यायची. ज्या क्लासच्या बोटी यजमान क्लबाकडे भाड्याला मिळतात तो क्लास प्रवासात स्वस्त. भाड्याबरोबर अनामत ठेव लागते आणि मोडतोड झाली तर ती कापतात, तेव्हा बोट ताब्यात घेताना मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा.

प्रशिक्षकाच्या मोटरबोटीचं पेट्रोल हा खर्च पहिल्या वर्षी कुणीच धरत नाही. पाच मुलांमागे एक मोटरबोट असेल तर वाटणी पाचांत, वीस असतील तर दोन बोटी आणि वाटणी दहांत. इथेही पुन्हा तीच मोजणी कामाला येते.

बरुआसागरच्याच पाण्यावर?

तलावावर सुरुवात करायची इच्छा असेल तर एकट्या घराने करू नये. शिडाची बोट उलटते. मुलांना पहिल्याच आठवड्यात ती उलटवून सरळ करायला शिकवतात. त्यावेळी बाजूला इंजिनाची बचावबोट आणि ती चालवणारा जबाबदार माणूस हवाच. इंजिनासकट ती काही लाखांच्या घरात जाते, म्हणजे मुलांच्या पहिल्या दोन जुन्या ऑप्टिमिस्टपेक्षा महाग. तलाव ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी, मासेमारीचा ठेका ज्यांच्याकडे आहे त्यांची संमती, आणि उन्हाळ्यात पाणी किती खाली जातं याची माहिती हे सगळं आधी. बुंदेलखंडातल्या तलावांत शिंगाडा लावतात. त्याच्या वेलीत बोटीची खालची पट्टी अडकली की शर्यत संपली. मे महिन्यात काठावर जाऊन चिखल कुठवर येतो ते पाहून या, मग पावसाळ्यानंतरचं चित्र रंगवा.

पाच-सहा कुटुंबं एकत्र आली, चार ऑप्टिमिस्ट आणि एक बचावबोट सामायिक घेतली, आणि भोपाळहून प्रशिक्षक सुट्टीत पंधरा दिवस आणला, तर हा प्रयोग करण्यासारखा आहे. एका घराने एक बोट घेऊन करण्यासारखा मुळीच नाही.

माझा सल्ला सरळ आहे. मुलगी बारा वर्षांखालची असेल तर ऑप्टिमिस्ट, तेरा-चौदाची आणि चाळीस किलोच्या पुढची असेल तर थेट आयएलसीए ४. दुसऱ्या कुठल्याही क्लासची बोट कितीही स्वस्त मिळाली तरी नको. पहिलं वर्ष बोट न घेता काढा. एका सुट्टीत भोपाळला शिकणं, एकदा हैदराबादला भाड्याच्या बोटीवर रेगाटा, आणि दोन्हीकडची मागच्या तीन वर्षांची निकालपत्रकं. वर्षाअखेर मुलगी पुन्हा पाण्यावर जायला मागत असेल आणि तुमच्या वहीतल्या चौथ्या रकान्यात दहा रेघा असतील, तर बोटीसाठी पैसे काढा.